‘टेक ऑन मी’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॉर्वेच्या ‘आ-हा’ या बँडचं नाव ज्याने कधी ऐकलेलं नसतं, त्यालाही या गाण्याची सुरुवातीची धून वाजवून दाखवली की तो म्हणतो, “अरे, हे ते पेन्सिलच्या चित्रांचं!” मग प्रश्न सुरू होतात. गेली काही वर्षं मला येत राहिलेले प्रश्न, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत, इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, वादाचे नंतर. उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. गाणं नेमकं कुणाचं आणि कधीचं?

आ-हा हा तिघांचा बँड. मॉर्टन हार्केट गायक, मॅग्ने फुरुहोल्मेन कीबोर्डवर आणि पॉल वॉक्टार गिटारवर. तिघंही नॉर्वेचे, बँड १९८२ मध्ये जमला. गीत-संगीताचं श्रेय तिघांच्या नावावर आहे. आपण सगळे ऐकतो ते रूप १९८५ चं, ‘हंटिंग हाय अँड लो’ या त्यांच्या पहिल्या अल्बममधलं. पण गाण्याचं पहिलं रूप आदल्या वर्षीच बाजारात येऊन आपटलं होतं. ती गोष्ट ५ मध्ये.

२. ‘सिंगल’ म्हणजे काय? अल्बममध्ये गाणं आहेच, मग वेगळं कशाला?

त्या काळी एखादं गाणं छोट्या तबकडीवर स्वतंत्र विकायचे, मागच्या बाजूला आणखी एखादं गाणं टाकून. रेडिओवाले ती तबकडी वाजवायचे आणि विक्रीची साप्ताहिक यादी निघायची. सिंगल चाललं तर अल्बम खपणार, पडलं तर नव्या बँडचा गाशा गुंडाळला जाणार, असा साधा हिशेब होता. म्हणून एकाच गाण्यावर पुन्हा पुन्हा पैसे लावणं ही मोठी गोष्ट होती.

३. ती धून चुइंगमच्या जाहिरातीची होती म्हणतात. खरं आहे का?

नाही. पण अफवा कुठून आली ते कळतं. धून मॅग्नेची, शाळकरी वयात सुचलेली. तेव्हा तो आणि पॉल ‘ब्रिजेस’ नावाच्या बँडमध्ये होते. ‘डोअर्स’ या अमेरिकी बँडचे भक्त, त्यामुळे सगळा मामला गंभीर आणि अंधारलेला. १९८० मध्ये त्यांनी एक अल्बमही काढला, नाव ‘फाकेलटोग’, म्हणजे मशालींची मिरवणूक. आता अशा मिरवणुकीत ही उड्या मारणारी धून कुठे बसवायची? ती फारच गोड, फारच बाजारू वाटली. एखाद्या चुइंगमच्या जाहिरातीत शोभेल अशी. म्हणून तिचं घरगुती नाव पडलं ‘जुसी फ्रूट’चं गाणं. जुसी फ्रूट हा चुइंगमचा ब्रँड. म्हणजे जाहिरातीसाठी धून केली नव्हती, आपल्याच धुनेची त्यांनी केलेली ती थट्टा होती.

पुढे हार्केट त्यांना येऊन मिळाला आणि ही धून ऐकून तो अडकला. यात दम आहे हे त्याच्या लक्षात आलं. आपल्या घरातली वस्तू किती मोलाची आहे हे कधीकधी पाहुण्यानेच सांगावं लागतं. मग शब्द बदलले, चाल बदलली, ‘लेसन वन’ नावाचं एक रूप झालं आणि त्यातून आजचं गाणं घडलं. धून मात्र पहिल्यापासून तीच राहिली.

४. ‘आ-हा’ हे कसलं नाव?

पॉलच्या वहीत एका गाण्याचं शीर्षक म्हणून लिहिलेलं होतं. हार्केटला ते दिसलं आणि आवडलं. कुठल्याही देशातल्या माणसाला वाचता येतं, उच्चारता येतं. मराठी माणसाला तर अर्थही सांगावा लागत नाही.

५. गाणं तीन वेळा प्रसिद्ध झालं असं वाचलं. एकच गाणं तीनदा कसं?

हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९८३ च्या जानेवारीत तिघंही लंडनला आले. खिशात फारसं काही नव्हतं. सिडनहॅम भागात जॉन रॅटक्लिफचा एक स्टुडिओ होता. तो त्यांनी निवडला याचं एक कारण म्हणजे तिथे ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या व्हिडिओ गेमचं यंत्र होतं. (खोटं वाटेल, पण बँडच्या गोष्टीत हा तपशील कायम येतो.) रॅटक्लिफला त्यांची गाणी भावली. त्याने टेरी स्लेटर या अनुभवी माणसाशी गाठ घालून दिली, स्लेटर त्यांचा मॅनेजर झाला आणि वर्षअखेरीला वॉर्नर कंपनीशी करार झाला.

पहिलं रूप टोनी मॅन्सफील्डने ध्वनिमुद्रित केलं. मॅन्सफील्ड फेअरलाइट या तेव्हाच्या महागड्या संगणकी वाद्याचा उस्ताद. त्याने डेमोवर, म्हणजे नमुन्यादाखल केलेल्या कच्च्या मुद्रणावर, इलेक्ट्रॉनिक आवाजांचा साज चढवला. बँडला हवं होतं ते हे नव्हतं, पण घाईघाईत १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये सिंगल निघालं. यादीत जागा मिळाली १३७ वी. घरच्या मैदानावर, नॉर्वेत, ते पहिल्या तिनांत पोचलं. पण सगळा डाव लंडनवर लावला होता.

दुसऱ्या वेळी स्लेटरने ॲलन टार्नी या निर्मात्याला गळ घातली. क्लिफ रिचर्डचं १९७९ चं ब्रिटनमध्ये अव्वल ठरलेलं ‘वी डोन्ट टॉक एनीमोअर’ हे टार्नीने लिहिलेलं. टार्नीने शहाणपणा असा केला की मॅन्सफील्डच्या रूपावर डागडुजी करत बसला नाही. तो मूळ डेमोकडे गेला आणि तिथला ताजेपणा टिकवून गाणं नव्याने बांधलं. विम्बल्डनच्या आर. जी. जोन्स स्टुडिओत मुद्रण झालं. हेच आपलं ओळखीचं रूप. तेही ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालं आणि तेही पडलं! कंपनीच्या लंडन कार्यालयाने फारसा जोर लावला नाही.

तिसऱ्या वेळी गाण्यात काहीच बदललं नाही. अमेरिकेतल्या वॉर्नरने बँडला प्राधान्य द्यायचं ठरवलं आणि एका नव्याच तऱ्हेच्या व्हिडिओवर पैसा ओतला (१० पाहा). १९८५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत गाणं चढायला लागलं आणि सप्टेंबरमध्ये ब्रिटनमध्ये ते पुन्हा काढलं. या खेपेला सगळं जुळून आलं.

६. १९८४ चं रूप आणि १९८५ चं रूप कसं ओळखायचं?

ड्रम ऐका. १९८५ च्या रूपात आधी लिनड्रम या यंत्राचा भरधाव ठेका सुरू होतो आणि मग रोलँड जुनो-६० या सिंथेसायझरवर धून येते. त्या ठेक्यात हवा आहे, गाणं पुढे पळतं. ८४ चं रूप माझ्या कानाला कोरडं वाटतं, गाणारा एका खोलीत आणि यंत्रं दुसऱ्या खोलीत असल्यासारखं. व्हिडिओवरूनही ओळखता येतं. निळ्या पार्श्वभूमीवर बँड नुसता गाताना दिसला तर ते जुनं. पेन्सिलची चित्रं असतील तर नवं.

७. ‘टेक ऑन मी’ हे इंग्रजी चुकलंय ना? इंग्रजीच्या बाईंनी लाल रेघ मारली असती.

मारली असती. ‘मला स्वीकार’, ‘माझ्याशी भिड’ असं म्हणायचं तर रूढ इंग्रजीत ‘टेक मी ऑन’ असा क्रम हवा. गंमत म्हणजे गाण्यात तोही येतो. मुखड्यात आधी उलटा क्रम आणि लगेच उत्तरादाखल सरळ क्रम.

नॉर्वेजियन भाषेत ‘ता पो माय’ असा प्रयोग आहे. शब्दशः ‘घे वर मला’, अर्थ मात्र ‘मला स्पर्श कर’. नॉर्वेच्या श्रोत्याला शीर्षकामागे तो अर्थ ऐकू येतो. परक्या भाषेत लिहिताना आपली भाषा अशी खालून डोकावतेच. ‘मनावर घे’ किंवा ‘डोकं खाऊ नकोस’ याचं कुणी शब्दशः इंग्रजी केलं तर काय होईल ते डोळ्यांसमोर आणा.

माझं मत विचाराल तर ही चूक दुरुस्त केली असती तर गाणं मेलं असतं. ‘मी’ हा लांब ओढता येणारा उघडा स्वर शेवटी आहे, म्हणून हार्केटला तिथे थांबता येतं. ‘ऑन’ वर कोण किती थांबणार? व्याकरण हरलं, गळा जिंकला.

८. तो शेवटचा सूर किती उंच आहे? खरा आवाज आहे की यंत्राची करामत?

आवाज खराच. गाणं ए मेजरमध्ये आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने सा पांढरी सहाचा. मुखड्याचा पहिलाच शब्द तो अगदी खालच्या सा वर गातो, गाण्यातला सर्वांत खालचा सूर तोच. तिथून ओळीगणिक एकेक पायरी वर चढत मुखड्याच्या शेवटी तो दोन सप्तकं ओलांडून त्यावरच्या पंचमाला जाऊन भिडतो. एकाच मुखड्यात अडीच सप्तकांहून जास्त मजल. वरचे सूर तो फॉल्सेटोत गातो, म्हणजे छातीचा आवाज सोडून हलक्या, पातळ आवाजात. आपल्याकडे याला ‘खोटा आवाज’ म्हणतात आणि जरा नाक मुरडतात. इथे मात्र भरीव आवाजातून पातळ आवाजात शिरताना सांधा दिसत नाही, सारं कसब त्यात आहे.

एक बारकावा सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. गाण्याची गती मिनिटाला साधारण १६९ ठोके, म्हणजे चांगलीच द्रुत. पण मुखडा सुरू होताना दोन मात्राखंडांपुरता ड्रम निम्म्या लयीत जातो. पळणारी गाडी क्षणभर घाटात मंदावावी तसं वाटतं, तेवढ्यात तो खालचा सा ठळक ऐकू येतो, आणि मग पुन्हा गाडी सुटते.

९. हार्मोनियमवर वाजवता येईल का? आणि कराओकेला कुठल्या पट्टीत गाऊ?

धून वाजवणं सोपं आहे. पांढरी सहा सा धरा, सगळे सूर शुद्ध. सुरुवात सा वरून होत नाही: ध ध म रे, रे प प प, नि नि सां रें… अशी ती जाते. सा बराच वेळ हुलकावणी देतो, म्हणून धून अधांतरी, उत्सुक वाटते. हार्मोनियमचा भाता मात्र या गतीला दम टाकतो. कीबोर्ड बरा.

गाण्याचं म्हणाल तर पट्टी खाली घेण्याचा सल्ला सगळे देतात आणि तिथेच माणूस फसतो. वरचा पंचम आवाक्यात आणायला पट्टी दोन-तीन सुरांनी उतरवलीत की खालचा सा घशातच राहतो, नुसती घरघर ऐकू येते. मजल एवढी मोठी आहे की एक टोक वाचवलं तर दुसरं जातं. मूळ पट्टीतच राहा, वरचे सूर लवकर पातळ आवाजात घ्या आणि शेवटचा सूर लोकांवर सोडा. लोक तो आनंदाने बेसूर गातात. बायकांनी मुखड्याची सुरुवात सरळ एक सप्तक वर घ्यावी आणि शेवटी सोयीच्या सुरावर उतरावं.

१०. व्हिडिओ कसा बनवला? त्या काळी एवढे कॉम्प्युटर होते का?

कॉम्प्युटर नाही, पेन्सिल. दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन, ज्याने त्याआधी मायकल जॅक्सनच्या ‘बिली जीन’चा व्हिडिओ केला होता. चित्रांचं काम मायकल पॅटरसन आणि कँडेस रेकिंजर यांचं. पॅटरसनने कॅलिफोर्नियातल्या कला महाविद्यालयात असताना पेन्सिलच्या रेघांची एक छोटी फिल्म केली होती. ती वॉर्नरच्या जेफ आयरॉफच्या नजरेत भरली होती.

तंत्राचं नाव रोटोस्कोपिंग. आधी माणसांचं नेहमीसारखं चित्रीकरण करायचं. मग त्या फिल्मची एकेक चौकट कागदावर पाडायची आणि तिच्यावरून पेन्सिलीने चित्र काढायचं. पुढची चौकट, पुढचं चित्र. तंत्र नवं नव्हतं. मॅक्स फ्लायशर या अमेरिकी ॲनिमेटरने त्याच्या पेटंटसाठी १९१५ मध्येच अर्ज केला होता. इथे सुमारे ३,००० चौकटी हाताने काढल्या, १६ आठवडे लागले. चार मिनिटांहून कमी वेळाच्या गाण्याला चार महिने.

पॅटरसनने रेघा मुद्दाम स्थिर ठेवल्या नाहीत. प्रत्येक चित्रात छटा थोडी वेगळी, त्यामुळे सगळं थरथरतं. मला वाटतं, व्हिडिओ आजही शिळा वाटत नाही तो याच थरथरीमुळे. त्या काळातले संगणकी चमत्कार आज पाहताना हसू येतं, हाताच्या रेघेला तशी तारीख चिकटत नाही.

आणि गंमत त्या एका हाताची. कॅफेत बसलेल्या मुलीसमोर कॉमिकच्या पानातून रेखाटलेला हात बाहेर येतो आणि तिला आत बोलावतो. बॅरनला सगळ्यांत आधी सुचलं ते हेच, बाकीची गोष्ट नंतर त्याभोवती गुंफली.

११. व्हिडिओतली मुलगी कोण? आणि तो कॅफे खरा आहे का?

बंटी बेली, ब्रिटिश नर्तिका आणि मॉडेल. हार्केट आणि ती त्या काळात एकमेकांच्या प्रेमात होते, त्यामुळे पडद्यावर दिसतं ते सगळंच अभिनय नव्हतं.

कॅफे खरा, लंडनच्या वॉन्ड्सवर्थ रोडवरचा किम्स कॅफे. पुढे त्याचं नाव सॅव्हॉय कॅफे झालं. सगळं चित्रीकरण तिथलं नाही, काही भाग स्टुडिओतला आहे.

१२. शेवटी तो माणूस होतो की चित्रच राहतो?

आधी गोष्ट आठवा. कॉमिकमध्ये साइडकारच्या मोटरसायकलींची शर्यत, नायक जिंकतो, मुलीला पानात ओढून घेतो. बाहेर वेट्रेसला वाटतं पोरगी बिल न देता पळाली, म्हणून ती कॉमिक चुरगळून टोपलीत फेकते. आत हातात लोखंडी पाना घेतलेले प्रतिस्पर्धी दोघांच्या मागे लागतात. नायक कागद फाडून मुलीला बाहेर काढतो. ती कॉमिक घेऊन घरी पळते, आणि मग तो तिच्या घराच्या बोळात भिंतींवर अंग आपटत चित्रातून माणसात येतो. हे आपटणं बॅरनने १९८० च्या ‘ऑल्टर्ड स्टेट्स’ या चित्रपटातल्या प्रसंगावरून घेतलं.

व्हिडिओ इथे संपतो, गोष्ट नाही. बँडच्या पुढच्या सिंगलचा, ‘द सन ऑलवेज शाइन्स ऑन टीव्ही’चा व्हिडिओ बघा. त्याच्या सुरुवातीलाच तो पुन्हा चित्र व्हायला लागतो आणि तिला सोडून पळून जातो. म्हणजे उत्तर: चित्रच राहतो. माझ्या ओळखीतल्या दोघांनी हे कळल्यावर “उगाच सांगितलंस” असं म्हटलं आहे, तेव्हा माफी.

१३. गाणं सगळ्या जगात एक नंबरला होतं ना?

पुष्कळ देशांत होतं, पण जिथे बँड राहत होता तिथेच नाही! अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ या संगीत-साप्ताहिकाच्या यादीत ते जुलै १९८५ मध्ये शिरलं आणि १९ ऑक्टोबरच्या आठवड्यात पहिल्या क्रमांकावर आलं. एकच आठवडा. पुढच्या आठवड्यात व्हिटनी ह्यूस्टन आली. तरी नॉर्वेच्या कुणालाही हा मान त्याआधी मिळाला नव्हता. ब्रिटनमध्ये मात्र ते तीन आठवडे दुसऱ्या क्रमांकावर अडून राहिलं, कारण वर जेनिफर रशचं ‘द पॉवर ऑफ लव्ह’ ठाण मांडून बसलं होतं. ब्रिटनमधला पहिला क्रमांक आ-हाला मिळाला तो जानेवारी १९८६ मध्ये, १२ मध्ये उल्लेख केलेल्या पुढच्या गाण्याने.

याच गाण्याला ब्रिटनमध्ये अखेर अव्वल स्थान मिळालं, पण २००० साली आणि दुसऱ्यांच्या गळ्यातून. ‘ए-वन’ या बँडने ते नव्याने गायलं होतं.

१४. एमटीव्हीचा ‘वर्षातला सर्वोत्कृष्ट व्हिडिओ’ हाच ना?

नाही, आणि ही चूक छापूनही आलेली मी पाहिली आहे. १९८६ च्या एमटीव्ही पुरस्कारांत याला सहा बक्षिसं मिळाली: नवा कलाकार, संकल्पना, सर्वांत प्रयोगशील व्हिडिओ, दिग्दर्शन, स्पेशल इफेक्ट्स आणि प्रेक्षकांची पसंती. सर्वोच्च बक्षीस गेलं डायर स्ट्रेट्सच्या ‘मनी फॉर नथिंग’ला. त्याचा दिग्दर्शक कोण? स्टीव्ह बॅरनच. स्वतःच्याच दुसऱ्या पोराकडून हरला बिचारा.

ग्रॅमीत बँडला नव्या कलाकाराचं नामांकन होतं, तिथे शादे जिंकली.

१५. म्हणजे गाणं साधंच होतं, व्हिडिओने तारलं. बरोबर?

हा प्रश्न नसतो, टोमणा असतो. आणि अर्धा खरा आहे. टार्नीचं रूप व्हिडिओशिवाय पडलं होतं हे ५ मध्ये मीच लिहिलंय.

पण उलट बाजू पाहा. त्याच काळात महागडे व्हिडिओ काय कमी निघाले? त्यांतल्या किती गाण्यांची धून आज तुम्ही गुणगुणू शकता? व्हिडिओने लोकांना दारापर्यंत आणलं, आत बसवलं ते मुखड्याने. आणि व्हिडिओ मॅन्सफील्डच्या रूपावर केला असता तर? मला नाही वाटत चालला असता. ती चित्रं पळतात टार्नीच्या ठेक्यावर.

मला या प्रकरणात नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. दोनदा पडलेल्या गाण्यावर तिसऱ्यांदा पैसे लावायला कुणीतरी तयार झालं. मॅनेजर स्लेटर अडून बसला, कंपनीतल्या अँड्र्यू विकहॅमने बँडवरचा विश्वास सोडला नाही. एरवी ‘पडलेलं गाणं’ म्हटलं की लोक हात झटकून मोकळे होतात. आणि चित्राशिवाय गाणं उभं राहतं का, याचा निकाल पुढे लागलाच. १८ पाहा.

१६. आ-हा हा एकाच गाण्याचा बँड होता ना?

कुठे राहून विचारताय त्यावर आहे. अमेरिकेत जवळजवळ तसंच. तिथे ‘द सन ऑलवेज शाइन्स’ विसाव्या क्रमांकावर गेलं आणि पुढे विशेष काही नाही. युरोपात असं म्हणालात तर लोक हसतील. १९८७ च्या जेम्स बाँडपटाचं शीर्षकगीत त्यांचं आहे. ब्राझीलमध्ये तर विचारूच नका. जानेवारी १९९१ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये त्यांच्या कार्यक्रमाला १,९८,००० तिकिटं काढून आलेले लोक होते, आणि तो गिनेसच्या पुस्तकातला विक्रम ठरला.

१७. पिटबुलने धून चोरली का?

नाही. या अमेरिकी रॅपरच्या २०१३ च्या ‘फील धिस मोमेंट’मध्ये ती उघडउघड वापरली आहे आणि तिघांना सहलेखक म्हणून श्रेय दिलं आहे. त्या वर्षीच्या बिलबोर्ड पुरस्कार सोहळ्यात स्वतः हार्केट येऊन त्यात गाऊन गेला. याशिवाय रील बिग फिश, वीझर अशा अनेकांनी गाणं आपापल्या तऱ्हेने गायलं आहे. बहुतेक जण शेवटच्या सुराशी चेष्टा करून सुटका करून घेतात.

१८. मी एक अगदी संथ, रडवेलं रूप ऐकलं. ते खरं आ-हाचंच की कुणी नक्कल केलीये?

त्यांचंच. २०१७ च्या जूनमध्ये नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गिस्के या छोट्या बेटावर त्यांनी एमटीव्हीसाठी ‘अनप्लग्ड’ कार्यक्रम केला. सिंथेसायझर नाही, लिनड्रम नाही, गती पार उतरवलेली. हार्केट तेव्हा ५७ वर्षांचा. वेग काढून घेतल्यावर कळतं की शब्द मुळात आनंदाचे नाहीतच, अडखळत बोलणाऱ्या, लवकरच निघून जाणाऱ्या माणसाचे आहेत. तीस वर्षं आपण त्यावर नाचत होतो. ‘डेडपूल २’ या चित्रपटात हेच रूप वापरलं आहे, आणि धुडगूस घालणाऱ्या त्या चित्रपटात थिएटर एकदम गप्प होतं.

१९. आपल्याकडे हे कधी पोचलं? माझ्या आठवणीत ते नव्वदच्या आसपासचं आहे.

आठवण बरोबर असेल. १९८५ मध्ये आपल्या घरात एकच दूरदर्शन, एमटीव्हीचा पत्ता नाही. गाणं ऐकलं ते कॅसेटवर, बऱ्याचदा नकलेच्या नकलेवर, ज्यात धुनेपेक्षा खरखर जास्त. १९९१ मध्ये स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही आला, गल्लीतल्या केबलवाल्याने वायर ओढली आणि तेव्हा कुठे चित्रं दिसली. त्यामुळे आपल्याकडच्या पुष्कळांनी गाणं आधी ऐकलं आणि व्हिडिओ कित्येक वर्षांनी पाहिला. १५ मधल्या वादात आपली साक्ष म्हणूनच जरा मोलाची आहे: चित्रांशिवायही ते आवडलं होतं. यूट्यूबवर या व्हिडिओने फेब्रुवारी २०२० मध्ये एक अब्ज, म्हणजे शंभर कोटी दर्शनांचा टप्पा ओलांडला. त्यात दहा-वीस माझी आहेत.

२०. बँड अजून गातो का?

२०१० च्या डिसेंबरात ऑस्लोमध्ये त्यांनी निरोपाचा कार्यक्रम केला, पुढे परत एकत्र आले, दौरे केले. मधल्या काळात, २०१२ मध्ये, नॉर्वेच्या राजाकडून तिघांना सेंट ओलाव्हचा नाइट किताब मिळाला. जून २०२५ मध्ये हार्केटने आपल्याला पार्किन्सन्स असल्याचं जाहीर केलं. आवाजावरही त्याचा परिणाम झाल्याचं त्याने सांगितलं.

२१. माझ्या मुलीने हे कधीच ऐकलेलं नाही. कुठून सुरुवात करून देऊ?

व्हिडिओ लावू नका. आधी १९८५ चं रूप नुसतं ऐकवा, चांगल्या हेडफोनवर. मग व्हिडिओ. २०१९ मध्ये तो मूळ फिल्मवरून स्वच्छ करून घेतला आहे, रेघ न् रेघ दिसते. तिला आवडलं तर १९८४ चं रूप शोधा. पहिल्या अल्बमचा तिसाव्या वर्षी मोठा संच निघाला, त्यात जुने डेमोही आहेत. गिस्केचं रूप शेवटी ठेवा, रात्री, दिवे घालवून. आणि मुखडा आला की तिला खालच्या सा वरून सुरू करायला सांगा, शेवटच्या सुरापर्यंत कोण टिकतं ते बघा. आमच्या घरी अजून कुणीही टिकलेलं नाही.